ताईला आधारगट नकोय, मग आधार कुठे शोधायचा?

(पत्र मोठं होतं. लिहिणाऱ्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून गोषवारा देत आहोत.)

एका वाचकाच्या थोरल्या बहिणीला, वय 52, अंडाशयाचा कॅन्सर आहे. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, आणि दीड वर्षाने आजार उलटला. बहिणीचे यजमान हयात नाहीत. ती आणि तिची 15 वर्षांची मुलगी या भावाकडेच राहतात. आता पुन्हा केमो सुरू आहे. भाऊ लिहितो: ‘ताई दिवसेंदिवस गप्प होत चालली आहे. ती मनाने खचली तर औषधंही लागू पडणार नाहीत, अशी भीती वाटते. म्हणून तिला आधारगटात न्यायचं ठरवलं, तर म्हणाली, “चार रडणाऱ्या माणसांत नेऊन बसवू नकोस मला.” डॉक्टरांनी मध्यंतरी पॅलिएटिव्ह केअर विभागाला दाखवून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. ती मी ताईला दाखवलेलीच नाही, खणात ठेवून दिली आहे. पॅलिएटिव्ह म्हणजे आता संपलंच ना? भाची विचारते तेव्हा “आई बरी होणार आहे” एवढंच आम्ही सांगतो. घरचं सगळं पत्नी बघते, त्यामुळे ती काळजी नाही. मला फक्त एवढं सांगा, सगळी मदत एका ठिकाणी मिळेल अशी चांगली संस्था कशी शोधू आणि ताईला तिथं जायला कसं तयार करू?’

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर थोडक्यात देता येतं. सगळं एका ठिकाणी देणारी संस्था बहुधा सापडणार नाही. दुखणं एक जण बघतो, पैशांची तजवीज दुसरा, मनाचं तिसरा, आणि या तिघांची एकमेकांशी ओळख असेलच असंही नाही. त्यांना जोडून घेण्याचं काम घरातल्या कोणाला तरी करावं लागतं. ते कसं करायचं त्याकडे येतेच. पण खणात पडलेली ती चिठ्ठी मला जास्त महत्त्वाची वाटते.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं आणि त्रास हलका करणारी सेवा. तिचा अर्थ ‘आता आमच्या हातात काही नाही’, असा समजणारे तुम्ही एकटे नाही. या समजाला इतिहास आहे. ही शाखा वाढली ती मरणपंथाला लागलेल्या माणसांच्या सेवेतून. सिसिली सॉन्डर्स या बाई आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. 1967 मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांच्या शुश्रूषेचं केंद्र, सुरू केलं. त्यांचं सांगणं असं की आजारी माणसाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं. त्यात मनाचं, नात्यांचं, पैशांचं आणि ‘माझ्याच वाट्याला का’ या प्रश्नाचं दुखणंही मिसळलेलं असतं, आणि एकाला हात लावून बाकीची सोडून दिली तर कशालाच उतार पडत नाही. हे शेवटच्या दिवसांपुरतंच खरं कसं असेल? म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आता स्पष्ट म्हणते की ही सेवा आजाराच्या सुरुवातीपासून, केमो आणि रेडिएशन चालू असतानाच द्यावी, आणि ती रुग्णाइतकीच कुटुंबासाठीही असते.

प्रत्यक्षात हे लोक काय करतात? केमोनंतरची मळमळ, हातापायांच्या मुंग्या, बद्धकोष्ठता, उडालेली झोप यांवर उपाय करतात. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटात पाणी होतं, पोट तटतटून श्वास अपुरा पडतो, तेव्हा पाणी काढण्याची व्यवस्था बघतात. वेदनेच्या औषधांचा डोस बसवून देतात. आणि बहुतेक कॅन्सरतज्ज्ञांना ओपीडीच्या गर्दीत जमत नाही ते करतात: बसून बोलतात. पुढचा उपचार कितपत झेपेल, काय नको आहे, घरात कशाची धास्ती आहे, हे विचारतात.

2010 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाचा, पसरलेला कॅन्सर असलेले 151 रुग्ण त्यात होते. काहींना नेहमीचे उपचार दिले, काहींना त्या उपचारांच्या जोडीने पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटात नैराश्य कमी दिसलं, रोजचं जगणं सुसह्य झालं, शेवटच्या टप्प्यातले जबर उपचार कमी झाले, आणि तरीही आयुष्य घटलं नाही. मध्यक आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) पहिल्या गटात 8.9 महिने होतं, दुसऱ्या गटात 11.6 महिने. हे आकडे ताईला लावू नका. आजार वेगळा आहे, आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पण ही सेवा लवकर घेतल्याने माणूस लवकर जातो, ही तुमच्या मनातली भीती त्यातून नक्कीच खोटी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात ज्यांना या सेवेची गरज आहे त्यांतल्या जेमतेम 14 टक्के लोकांपर्यंत ती पोचते. तुमच्या घरी ती चिठ्ठीच्या रूपात येऊन पडली आहे.

तरी डॉक्टरांना सरळ विचारा: ‘हे केमोच्या जोडीने आहे की केमोऐवजी?’ उत्तर काहीही येवो, अंदाज बांधत बसण्यापेक्षा बरं. आणि चिठ्ठी ताईच्या हातात द्या. नाव तिचं आहे त्यावर. भाषणाची गरज नाही. ‘ताई, डॉक्टरांनी ही दिली होती. मला भीती वाटली म्हणून तुला दाखवली नाही. दुखणं आणि झोप यासाठी ते वेगळे डॉक्टर आहेत. केमो चालूच राहणार आहे,’ एवढं पुरे. अर्थात शेवटचं वाक्य डॉक्टरांना विचारून झाल्यावरच. ती चिडेल कदाचित. चिडू दे. ज्या बाईने एकदा पूर्ण केमो काढली आहे तिला एक चिठ्ठी झेपणार नाही, असं तुम्ही कशावरून ठरवलंत?

आता आधारगटाचं. ‘खचली तर औषधं लागू पडणार नाहीत’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, आणि मला त्याचा मनापासून राग आहे. त्यामागे एक जुनी गोष्टही आहे. 1989 मध्ये डेव्हिड स्पीगल या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने पसरलेल्या स्तनकॅन्सरच्या 86 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर आठवड्याला गटात बसणाऱ्या स्त्रिया बाकीच्यांपेक्षा बऱ्याच जास्त जगल्या, असं त्यात दिसलं आणि ती बातमी जगभर गेली. 2001 मध्ये कॅनडात 235 स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा आयुष्यात फरक पडला नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या, विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त अस्वस्थ होत्या त्यांच्या. म्हणजे गटाचा उपयोग आहे, पण तो आजचा दिवस हलका करण्यासाठी. ताई हसतमुख राहिली तर औषध लागू पडेल, हे ओझं तिच्यावर टाकू नका. उद्या स्कॅन वाईट आला तर तिला काय वाटेल? आजारही मला झाला आणि हरलेही मीच. कदाचित ती गप्प आहे ती याचसाठी, की घरात तिने काय बोलावं हे आधीच ठरलेलं आहे.

गप्प बसण्याची कारणं इतरही असतात. केमोचा थकवा असतो. न सांगितलेलं दुखणं असतं. आणि खरंखुरं नैराश्यही असतं, त्यावर औषध आहे, समुपदेशन आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस नाही, सतत ‘मी तुमच्यावर भार आहे’ अशी भाषा, झोप पूर्ण विस्कटलेली, असं असेल तर पुढच्या फॉलोअपची वाट न बघता सांगा. जीव द्यायच्या गोष्टी बोलली तर त्याच दिवशी. अनेक कॅन्सर केंद्रांत एक साधा कागद वापरतात, थर्मामीटरचं चित्र, 0 ते 10. गेल्या आठवड्यात किती त्रास झाला त्यावर रुग्णाने खूण करायची, आणि शेजारी यादी असते: पैसे, मुलं, झोप, भीती, दुखणं. 4 किंवा त्याच्या वर खूण असली की पुढे विचारपूस करायची. बोलायला न आवडणाऱ्या माणसांना हा कागद सोपा जातो. तुमच्या रुग्णालयात नसेल तर असा प्रश्न घरीही विचारता येईल. तिने 7 म्हटलं तर ‘छे, एवढं काय’ म्हणू नका, म्हणजे झालं.

आणि गट नको म्हणाली म्हणून सगळंच नको, असं होत नाही. टेरेसे लॅसर नावाच्या अमेरिकन बाईंवर 1952 मध्ये स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या प्रश्नांबद्दल बोलायला कोणी नव्हतं, म्हणून बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच इतर रुग्णांना भेटू लागल्या. त्यातून ‘रीच टु रिकव्हरी’ नावाचं काम उभं राहिलं आणि पुढे अनेक देशांत पसरलं. तिथे गट नसतो. त्याच आजारातून गेलेली एक व्यक्ती, प्रशिक्षण घेतलेली, एकेकट्या रुग्णाला भेटते किंवा फोनवर बोलते. ताईला विचारताना ‘गटात येतेस का’ असं विचारू नका. ‘उलटलेला आजार आणि दुसऱ्यांदा केमो, हे काढलेल्या एखाद्या बाईशी फोनवर बोलावंसं वाटतं का?’ असं विचारून बघा. तरी नाही म्हणाली, तर महिनाभर विषय बंद. गरजेची वेळ प्रत्येकाची वेगळी असते.

आता तुमच्या एका वाक्याकडे येते. ‘घरचं सगळं पत्नी बघते, त्यामुळे ती काळजी नाही.’ एवढ्या लांबलचक पत्रात त्यांच्याबद्दल तेवढंच आहे. नणंदेच्या उलट्या, औषधांच्या वेळा, रात्रीची जाग, एका पंधरा वर्षांच्या मुलीचं घुसमटणं, आणि वर घर. तुमच्या घरात सर्वांत आधी मदतीची गरज कोणाला आहे असं मला विचारलंत, तर माझं बोट ताईकडे जाणार नाही. आणि आधारसेवा शोधणारे बहुतेक लोक इथेच चुकतात: रुग्ण ‘नाही’ म्हणाला की शोध थांबतो. खरं तर काळजी घेणाऱ्यांसाठी वेगळ्या सेवा असतात आणि त्यांना रुग्णाच्या परवानगीची गरज नसते. शुश्रूषेचं शिक्षण मिळतं: अंथरुणातल्या माणसाला कंबर न दुखवता कसं वळवायचं, वेदनेचं औषध वेळेआधी दिलं तर काय, ताप किती चढला की लगेच रुग्णालय गाठायचं. (केमोत पांढऱ्या पेशी उतरतात, त्यामुळे तापाचा शेवटचा प्रश्न आजच विचारून घ्या.) काही ठिकाणी घरी येणारी परिचारिका असते. काही ठिकाणी चार तासांसाठी दुसरं कोणी येऊन बसतं आणि घरच्या माणसाला बाहेर जाता येतं. काळजी घेणाऱ्यांचे गटही असतात, आणि तिथे मोकळेपणाने ‘मला कंटाळा आलाय’ म्हणता येतं. तुमच्या पत्नीला हे वाक्य सध्या कुठे म्हणता येतं?

त्यांना ‘काही हवं का’ असं विचारू नका, ‘काही नको’ असंच उत्तर येईल. रविवारची दुपार मी बघतो, तू घराबाहेर जा, असं सांगा आणि खरंच बघा.

शोध कुठून सुरू करायचा? गावभर विचारण्याआधी एक आठवडा वही ठेवा. ज्या ज्या वेळी घरात कोणी अडलं, ती ती गोष्ट एका ओळीत लिहा. ‘रात्री दोनला दुखलं, कोणाला फोन करायचा कळेना.’ ‘विम्याचा फॉर्म.’ ‘केमोच्या दिवशी मला रजा नाही, नेणार कोण?’ ‘भाचीच्या शाळेत सांगायचं का?’ आठवड्याच्या शेवटी तुमच्या लक्षात येईल की ‘आधार हवा’ या दोन शब्दांत निदान चार-पाच वेगवेगळी कामं होती, आणि त्यांतली निम्मी मनाची नव्हतीच. ‘ताईला आधार द्या’ म्हटलं तर कोणालाही काही करता येत नाही. ‘केमोच्या दिवशी ने-आण करायला माणूस हवा’ म्हटलं की शेजारीसुद्धा हात वर करतो.

ती वही घेऊन रुग्णालयातल्याच वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. कॅन्सरचे उपचार करणाऱ्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत असा माणूस किंवा विभाग असतो. आर्थिक मदत, विमा, राहण्याची सोय, प्रवासाची सवलत, बाहेरच्या संस्था यांची माहिती त्याच्याकडे असते. लोक त्याच्याकडे पैसे संपल्यावर जातात, तोवर काही अर्जांच्या मुदती टळून गेलेल्या असतात. तो नसेल तर केमोच्या वॉर्डातली अनुभवी परिचारिका गाठा. कोणती संस्था फोन उचलते आणि कोणती नुसती पाटी लावून बसली आहे, हे तिला नेमकं ठाऊक असतं. काही रुग्णालयांत ‘नेव्हिगेटर’ म्हणूनही माणूस नेमलेला असतो. हॅरल्ड फ्रीमन या सर्जनने 1990 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ही पद्धत सुरू केली. गरीब स्त्रिया तपासणी आणि उपचार यांच्या मध्येच कुठेतरी हरवून जातात हे त्यांना दिसत होतं, म्हणून अपॉइंटमेंटपासून कागदपत्रांपर्यंत सोबत करणारी माणसं त्यांनी नेमली. तुमच्याकडे असं पद आहे का, विचारा. नसेल तर घरातल्या एकाच व्यक्तीने फाइल आणि फोन सांभाळायचे, एवढं तरी ठरवा. आणि या वेळी ती व्यक्ती तुमची पत्नी नको.

बाहेरच्या संस्थेला पहिला फोन कराल तेव्हा लाजू नका. स्वयंसेवकांना शिकवतं कोण? आम्ही सांगितलेलं कोणापर्यंत जातं? तुमच्या आवाक्याबाहेरचं असेल तर पुढे कोणाकडे पाठवता? पैसे लागतात का, कशाचे? चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही. जी केमो थांबवायला सांगते, खात्रीने बरं करण्याचा शब्द देते, किंवा ‘डॉक्टरांना सांगू नका’ म्हणते, तिथला फोन तिथेच ठेवा. इंटरनेटवरच्या गटांचंही तसंच: कोणी जबाबदार माणूस लक्ष ठेवून आहे का ते बघा, आणि ताईला न विचारता तिचे रिपोर्ट किंवा फोटो तिथे टाकू नका. मदतनिधीसाठीसुद्धा नाही.

भाचीबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. पंधराव्या वर्षी मुलीला सगळं दिसतं. तिला आजाराचं नाव आणि औषधाचं नाव इंटरनेटवर टाकता येतं, आणि बहुधा तिने ते केलेलं आहे. उलटलेला अंडाशयाचा कॅन्सर मुळापासून जाणं कठीण असतं. उपचारांनी तो काही काळ, कधी बराच काळ, आटोक्यात राहू शकतो. ‘आई बरी होणार आहे’ असं तुम्ही छातीठोक सांगता तेव्हा तिला एवढंच कळतं की या घरात या विषयावर खरं बोलायचं नसतं. काय सांगायचं ते आधी ताईला विचारा, आई तीच आहे. मग दोघांनी मिळून सांगा: आजार परत आलाय, उपचार चालू आहेत, पुढचं डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही, आणि कळेल ते आम्ही तुला सांगू. मुलं सहसा न विचारता तीन प्रश्न मनात धरून असतात: हे माझ्यामुळे झालं का, मला होईल का, आणि माझं कोण बघणार? तिसऱ्याचं उत्तर तुमच्या हातात आहे. ते मोघम ठेवू नका. शाळेतल्या एका विश्वासातल्या शिक्षकांना कल्पना द्या, भाचीला विचारून. मुलांसाठी काम करणारा समुपदेशक मिळतो का, हेही त्या वहीत लिहा.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र विज्ञानाचा पदर आहे. अंडाशयाच्या कॅन्सरचा मुख्य प्रकार झालेल्या प्रत्येक स्त्रीला जनुकीय तपासणी सुचवावी, असं वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण काही जणींत बीआरसीए-1 किंवा बीआरसीए-2 या जनुकांत जन्मतः दोष असतो. ताईची ही तपासणी झाली आहे का? तिच्या पुढच्या औषधांची निवडही त्यावरून बदलू शकते. दोष आढळला तर तो मुलीत उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि सख्ख्या भावंडांनाही विचार करावा लागतो. पुरुष आहात म्हणून तुम्ही सुटत नाही. भाचीची तपासणी आत्ताच करायची नसते, अशा तपासण्या सहसा सज्ञान झाल्यावर तिच्या इच्छेने होतात. जनुकीय समुपदेशकाकडे एकदा जाऊन या. कुटुंबासाठीच्या सेवांच्या यादीत हे नाव कोणी लिहीत नाही, पण ते तिथलंच आहे.

ताई ‘हो’ म्हणाली की पॅलिएटिव्ह विभागाच्या पहिल्या भेटीला तुमच्या पत्नीलाही सोबत न्या, कारण औषधं कधी दिली आणि रात्र कशी गेली हे त्यांनाच माहीत आहे. ती ‘नाही’ म्हणाली तरी तुम्ही दोघं भेटू शकता का, असं त्या विभागाला विचारा. बऱ्याच ठिकाणी कुटुंबाशी वेगळं बोलतात. उठण्यापूर्वी एक गोष्ट लिहून घ्या: रात्री किंवा सुटीच्या दिवशी दुखणं वाढलं, पोट फुगलं, उलट्या थांबेनात, तर फोन कोणत्या नंबरवर करायचा आणि तो कोण उचलतं. त्याच रात्री एकदा लावून बघा.